पाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक कोडं. देवळात मागतात, बेकरीत विकतात, पाढ्यात घोकतात, वाण्याकडे तोलतात, अक्षरं दोनच. उत्तर वर शीर्षकातच फुटलं आहे, त्याला इलाज नाही. मी हौसेने शब्दकोडी रचतो, त्यामुळे या शब्दाबद्दलचे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे शब्दच लांबून आला आहे.

'पाव' हा एकच शब्द आहे का?

दिसायला एक, जन्माने तीन. बेकरीतला पाव पोर्तुगीज. पाव किलोतला पाव संस्कृत 'पाद' या शब्दाचा वंशज. आणि 'देवा, आता तरी पाव' मधला पाव हे 'पावणे' या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. त्याचं मूळ 'प्र + आप्', म्हणजे ज्याच्यापासून 'प्राप्त' झालं ते. चाळीत एकाच आडनावाची तीन बिऱ्हाडं शेजारीशेजारी असावीत आणि पोस्टमनने एकाची पत्रं दुसऱ्याच्या दारात टाकावीत, तसं या शब्दाचं झालं आहे. त्याच्या व्युत्पत्तीच्या ज्या गमतीदार गोष्टी आपण ऐकतो, त्यातल्या बहुतेक अशी चुकीच्या दारात पडलेली पत्रं आहेत.

खायचा पाव नेमका कुठून आला?

लॅटिनमध्ये भाकरीला, रोटीला शब्द होता 'पानिस'. त्याच्यापासून इटालियनमध्ये 'पाने', स्पॅनिशमध्ये 'पान', फ्रेंचमध्ये नाकात उच्चारला जाणारा 'पँ' झाला. पोर्तुगीजांनी मधला 'न' गिळला, पण त्याचा घुमारा नाकात राहू दिला. तयार झालेला उच्चार साधारण 'पाँउ' असा. हाताला लॅटिनमध्ये 'मानुस', त्याचं पोर्तुगीजमध्ये याच रीतीने 'माँउ' झालं.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, पण तोवर दोनशे वर्षं उलटली होती आणि शब्द उत्तर कोकणात चांगला मुरला होता. पाव फुगवायला लागणारं यीस्ट इथे कुठून मिळणार? ती उणीव माडाच्या सुरेने भरून काढली. गोव्यात सासष्टीतल्या माजोर्डा गावच्या लोकांनी जेझुइट पाद्र्यांकडून ही विद्या उचलली, अशी तिकडची परंपरा सांगते. पाव भाजणाऱ्याला गोव्यात 'पोदेर' म्हणतात. हाही पोर्तुगीजच शब्द, आणि त्याच्या पोटातही तोच पाव आहे. पोदेराच्या टोपलीत मात्र नावं सगळी पोर्तुगीज नसतात: वरून कडक असतो तो उंडो, कोंड्याची ती पोळी किंवा पोई, बांगडीसारखं ते कांकण. वस्तू बाहेरून आली, पण तिची पोरंबाळं इथली झाली.

पीठ पायाने मळतात म्हणून 'पाव', हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'मला माहीत आहे, तुम्ही फक्त हो म्हणा' असा भाव असतो. नाही म्हणावं लागतं.

पहिलं म्हणजे मराठीत पायाला 'पाय' म्हणतात. 'पाँव' हिंदीत. म्हणजे ही गोष्ट रचणाऱ्याने ती हिंदीत रचली, आणि मुंबई-गोव्यात जन्मलेल्या शब्दाच्या पायात हिंदी जोडा चढवला. कोकणीत तर गंमत आणखी उघडी पडते. तिथे खायचा तो 'पांव' आणि चालायचा तो 'पांय'. दोन्ही शब्द शेजारी नांदतात, कुणाची गल्लत होत नाही.

दुसरं, ध्वनींचा पुरावा. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी हा नाकातला 'आँउ' आला की आपल्याकडे त्याचं 'आव' किंवा 'आंव' होतं, हे इतर शब्दांतही दिसतं. पोर्तुगीज 'लैलाँउ' म्हणजे बोली लावून केलेली विक्री. त्याचा मराठीत 'लिलाव' झाला. संत ज्युआँउ यांचा २४ जूनचा सण गोव्यात 'सांजांव' म्हणून विहिरीत उड्या मारून साजरा होतो. पाव, लिलाव, सांजांव ही तिन्ही भावंडं एकाच साच्यातून निघालेली आहेत. लिलाव कुणी पायाने मळत नाही.

एखाद्या बेकरीत कुणी खरोखर पायाने पीठ तुडवलं असेल, तर तो आरोग्य खात्याचा विषय. नावाशी त्याचा संबंध नाही.

मग चार पाव जोडून येतात म्हणून एकेकाला 'पाव', हे तरी?

तेही नाही. लादीत पाव किती हे बेकरी ठरवते. सहा असतात, आठ असतात, जास्तही असतात. 'लादी' म्हणजे फरशी, आणि चिकटून भाजलेल्या पावांची ती रांग फरशीसारखी दिसते म्हणून लादीपाव. नावात चारचा हिशोब नाही.

म्हणजे पायाचा आणि 'पाव'चा काहीच संबंध नाही?

आहे, पण दुसऱ्या पावाशी. चुकीच्या दारात पडलेलं पत्र म्हणतो ते हेच. चतुर्थांश या अर्थाचा 'पाव' आणि चालायचा 'पाय' हे सख्खे आहेत, दोघेही संस्कृत 'पाद' पासून आलेले. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चौथ्या हिश्शालाही पाद किंवा चरण म्हणतात ते त्यामुळेच. अनुष्टुभाचे आठ-आठ अक्षरांचे चार पाय असतात.

'पाद' मधला 'द' प्राकृतात गळला आणि त्या रिकाम्या जागी कधी 'य' येऊन बसला, कधी 'व'. म्हणून पाय आणि पाव. असंच 'प्रसाद' चंही झालं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव 'पसायदान' मागतात आणि शेवटच्या ओवीत 'दानपसावो' येतं. पसाय आणि पसाव ही एकाच प्रसादाची दोन रूपं. पाय-पाव आणि पसाय-पसाव या जोड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. शाळेत पसायदान रोज म्हणत होतो तेव्हा ही जोडी कुणी दाखवली असती, तर व्याकरणाच्या तासाला झोप कमी लागली असती.

या पावाचं कुटुंब मोठं आहे. 'पादोन' म्हणजे पाव कमी, त्याची 'पाऊण' झाली. 'सपाद' म्हणजे पावासहित, त्याचा 'सव्वा' झाला. 'पावणेदोन' मध्ये दोनाला पाव कमी. पूर्वी मुलांकडून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. पावकीत एकाला पाव, दोनाला अर्धा, तीनाला पाऊण, चाराला एक असं चढत जायचं. साडेतीनाची औटकी ज्याला तोंडपाठ आहे, अशा माणसाशी भाजीवाल्याने वाद घालू नये.

शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजनं आली आणि पावशेराचा पाव किलो झाला. गिऱ्हाइकाचा सतराएक ग्रॅमचा फायदा. पावशेर हा शब्द मग भाजीच्या पिशवीतून निघून दारूच्या गुत्त्यात जाऊन बसला. तिथे त्याचा धाकटा भाऊ नवटाक आधीच बसलेला होता. पावली म्हणजे चार आणे. रुपयाचे शंभर पैसे झाल्यावरही २५ पैशांच्या नाण्याला लोक पावलीच म्हणत. ३० जून २०११ नंतर ते नाणं चलनातून गेलं. मुंबईत मात्र 'त्याची पावली कमी आहे' असं अजून ऐकू येतं, म्हणजे डोक्याचा रुपया पुरा भरत नाही.

'देवा, पाव' मधला पाव कसा आला?

'प्राप्' पासून प्राकृतात 'पावइ', त्याचं मराठीत 'पावणे'. मूळ अर्थ पोचणे, मिळणे. मराठीने हा साधा अर्थ हळूहळू 'पोचणे' कडे सोपवला आणि पावणे राखून ठेवलं मोठ्या प्रसंगांसाठी. माणूस कीर्ती पावतो, लय पावतो, मरण पावतो. आणि देव भक्तापर्यंत पोचतो तेव्हा देव पावतो. नवसाला पावणारा गणपती म्हणजे ज्याच्यापर्यंत अर्ज पोचतो आणि ज्याच्याकडून उत्तर येतं असा गणपती.

कोकणीने जुना साधा अर्थ सोडला नाही. 'हांव पावलों' म्हणजे मी पोचलो, एवढंच. त्यामुळे सकाळी पोदेराची सायकल दारात आली की 'पांव पावलो' म्हणता येतं. नवस बोलल्याशिवाय.

पावती, पाहुणा, पाऊस, पाऊल, पावन, पावडर… यातलं कोण कुणाचं?

पावती 'पावणे' ची मुलगी: पैसे पावले असं लिहून दिलेला कागद. 'पोचपावती' मध्ये म्हणूनच एकच गोष्ट दोनदा म्हटली आहे. पाऊल पायाच्या घरातलं. पाऊस 'प्रावृष्' पासून, म्हणजे वेगळाच. गावाकडे 'पाव्हणं' म्हणतात त्याचा कान पावणेशी जुळतो, पण मूळ संस्कृत 'प्राघुण'. पावन आणि पावक, म्हणजे अग्नी, दोघे 'पू' म्हणजे शुद्ध करणे या धातूचे. पावडर आणि पावर बोटीतून उतरलेले, तेही पोर्तुगीजांच्या नव्हे, इंग्रजांच्या.

शेजारच्या भाषांत या पावाला काय म्हणतात?

गुजरातीत 'पाउं', आणि तो शेवटचा अनुस्वार हेच त्याच्या पोर्तुगीज जन्माचं दाखलापत्र आहे. मराठीने तो अनुस्वार टाकून दिला. हिंदीत 'पावरोटी', बंगालीत 'पाउरुटी'. या दोन्ही शब्दांत पोर्तुगीज रोटीला देशी रोटी चिकटवली आहे, म्हणजे अर्थ झाला 'रोटी-रोटी'. 'लेडीज बायका' म्हणण्यातला प्रकार.

सिंहलीत तो 'पान' झाला. श्रीलंकेत सुरावट वाजवत फिरणाऱ्या रिक्षेतून पान विकतात. मराठी माणसाने ऐकलं तर तो चुना-कात शोधत धावेल, आणि त्याच्या हातात पडेल पाव.

जपानी लोक पावाला 'पान' म्हणतात, तो योगायोग का?

योगायोग नाही. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले आणि त्यांच्याबरोबर शब्दही उतरला. तिकडून तो कोरियात 'प्पांग' झाला. म्हणजे मुंबईचा पाव आणि टोकियोचा पान हे सोळाव्या शतकात एकाच आरमाराने दोन किनाऱ्यांवर सोडलेले जुळे आहेत. गोड लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण भरलेला 'अनपान' तिथे १८७० च्या दशकात निघाला. पुरणपोळीच्या देशात हे कुणाला सुचलं नाही, याचं मला जरा वाईट वाटतं.

जपानी मुलं या शब्दावरून एक कोडं घालतात. त्याचा आशय असा: पान तर आहे, पण खाता येत नाही, असा पान कोणता? उत्तर: 'फुराइपान', म्हणजे तळायचा तवा, फ्राइंग पॅन. इंग्रजी पॅन आणि पोर्तुगीज पाव जपानीत एकाच रूपात येऊन थांबले, त्यातून कोडं जन्मलं.

हेच कोडं मराठीत घालून बघा: पाव तर आहे, पण खाता येत नाही. घरी हा प्रयोग केला तेव्हा 'पाव किलो', 'पावती', 'पावसाळा' अशी उत्तरं आली. एका आजीबाईंनी 'माझा विठोबा' म्हटलं आणि बक्षीस नेलं.

चिनी 'बाओ' आणि आपला पाव एकच ना? दोन्ही गोल, दोन्ही मऊ.

दोन्ही गोल, पण नातं नाही. चिनी 'बाओ' म्हणजे गुंडाळणे, आत सारण भरून बांधलेलं पुरचुंडं. होक्कियन बोलीत त्याचा उच्चार 'पाउ', तो मलेशियात त्याच नावाने मिळतो, आणि फिलिपिन्समध्ये 'शिओपाओ' म्हणून. आवाज इतका जवळचा की मुंबईच्या माणसाला सिंगापूरला घरच्यासारखं वाटतं, पण ती नुसती चेहरेपट्टी.

असे आणखी तोतये आहेत. हवाई बेटांवर 'पाउ' म्हणजे संपलं, आटोपलं. कॅटलान भाषेत 'पाउ' म्हणजे शांतता. आणि खुद्द पोर्तुगीजमध्ये नाकाचा वापर न करता नुसतं 'पाउ' म्हटलं तर अर्थ होतो लाकूड, दांडका. अशिष्ट बोलीत आणखी काही, जे इथे लिहीत नाही. लिस्बनच्या बेकरीत दोन पाव मागताना अनुस्वार जपावा. मराठीत आपण तो टाकून दिला ते ठीक, तिकडे त्याच्यावर अब्रू टांगलेली असते.

'कंपनी' या शब्दात पाव आहे, असं ऐकलं. खरं?

खरं, आणि हे माझं आवडतं उत्तर. लॅटिन 'कोम' म्हणजे बरोबर, 'पानिस' म्हणजे भाकर. एकाच भाकरीतले वाटेकरी ते कंपॅनियन, त्यांचा मेळा ती कंपनी. १६०० मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी ईस्ट इंडिया कंपनी काढली. तिच्या नावात भाकर वाटून खाण्याची कल्पना होती, आणि वाटून खाल्लं ते काय, हे आपल्याला माहीत आहे. रेल्वेच्या 'पँट्री कार' मधली पँट्री ही मुळात पाव ठेवायची खोली.

आणखी मागे गेलं तर लॅटिन पानिस चारणे, पोसणे, राखणे अशा अर्थांच्या धातूशी जोडला जातो. संस्कृतात त्याचा भाऊबंद 'पा', रक्षण करणे. म्हणजे बेकरीतल्या पावाचं संस्कृतशी नातं निघतंच, पण पायाच्या बाजूने नव्हे.

जाता जाता: ब्राझीलमध्ये चिक्कू माणसाला 'कडक पाव' अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे कडक पाव चहात बुडवतात, चिक्कू माणसाचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

वडापावात मराठी किती?

नावापुरतं बोलायचं तर वडा. तो संस्कृत 'वटक' पासून. पाव पोर्तुगीज, आतला बटाटा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, आणि मिरचीचं झाड मुळात अमेरिका खंडातलं. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी हे सगळं एकत्र आणलं, असं सांगितलं जातं. एकत्र आणणं आपलं, एवढं पुरे.

'माकापाव' म्हणणं गमतीचं आहे का?

म्हणणाऱ्याला वाटतं. 'माका' म्हणजे कोकणीत 'मला'. मुंबईत गोवेकर ख्रिस्ती माणसाला चिडवायला हा शब्द वापरला जाई. जुन्या काळी पाव खाल्ल्याने माणूस बाटतो असा समज होता आणि विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या कथा सांगत. त्या कथांची नातवंडं आता स्टेशनबाहेर रांगेत उभी राहून पाव खातात. शब्द कोड्यात घालू नये, एवढंच.

लिहायचं कसं? अनेकवचन काय?

पुल्लिंगी. एक पाव, दोन पाव. सामान्यरूप 'पावा-': पावाला, पावाचा. कृष्णाचा 'पावा' म्हणजे बासरी, त्याचं 'पाव्या-'. 'पावाला ओठ लावले' म्हणजे न्याहारी, 'पाव्याला ओठ लावले' म्हणजे वृंदावन. एका यकाराचा फरक.

'पाव किलो' दोन शब्द, 'पावशेर' जोडून, 'वडापाव' जोडून. मध्ये रेघ देणारेही भेटतात, त्यांच्याशी भांडू नये.

शब्दकोड्यात 'पाव' का इतका येतो?

मराठी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर, काना-मात्रेसकट. दोन चौकोनांच्या बोळात काय घालायचं हा रचणाऱ्याचा रोजचा छळ असतो. 'पाव' तिथे देवासारखा पावतो, कारण त्याला सूचना निदान तीन देता येतात आणि सोडवणारा कंटाळत नाही. सरळ सूचना: 'चौथा हिस्सा', 'बेकरीतला जिन्नस', 'प्रसन्न हो'. थोडी वाकडी: 'देवाला घातलेलं साकडं बेकरीत मिळतं'. आणखी वाकडी: 'पाऊण होण्यासाठी अर्ध्याला काय हवं?' शेवटची मी वापरली तेव्हा अर्ध्या लोकांनी 'बळ' लिहिलं. चौकोनांत ते बसतं, हे मान्य करावं लागलं.

'नाव, गाव, फळ, फूल, वस्तू' खेळताना 'प' आला की वस्तूच्या रकान्यात दोघं तरी पाव लिहितातच, आणि सारखं उत्तर म्हणून दोघांना अर्धे गुण. पाव लिहून अर्धे.

उलट वाचला तर?

'वपा'. संस्कृत शब्द आहे, पोटातल्या चरबीचा पडदा असा अर्थ, यज्ञविधीत येतो. कोड्यात घातला तर सोडवणारे शिव्या देतील.

खरी चैन 'वडापाव' मध्ये आहे. अक्षरं उलटी लावा: व, पा, डा, व. म्हणजे 'व पाडाव'. आता दोन्ही जोडा: 'वडापाव व पाडाव'. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तेच. 'चिमा काय कामाची' आणि 'रामाला भाला मारा' यांच्या पंगतीत बसेल असं हे विलोमवाक्य मला एका लोकल प्रवासात सापडलं, आणि उतरायचं स्टेशन गेलं. भुकेवरच्या लढाईच्या बातमीला मथळा म्हणून अगदी चपखल.

अक्षरं नुसती इकडची तिकडे केली तर 'वडापाव' मधून 'डाव, पाव!' निघतं. पत्ते पिसताना म्हणायला बरं.

श्लेषाची वाक्यं हवी आहेत.

घ्या. 'पावणेआठला आलेल्या पावण्यांना पाव पावला.' यात पावणेआठ पादापासून, पावणे प्राघुणापासून, पाव पोर्तुगालहून आणि पावला प्राप् पासून. पाच शब्दांत चार घराणी. 'पावलापावलावर देव पावला' हे सोपं. 'पाव शेर' तोडून लिहिलं की वाघाचा चौथा हिस्सा होतो, पण ती गंमत हिंदीची उधारी आहे.

मोरोपंतांनी ओठ न जुळवता म्हणता येईल असं 'निरोष्ठ रामायण' रचलं. अशा रचनेत 'प' लाच बंदी, तेव्हा आपला पाव दाराबाहेर.

उखाण्यात बसतो का?

यमकांची चंगळ आहे: नाव, गाव, भाव, ताव, डाव, हाव, राव. म्हणून हा:

मिसळीत बुडवला पाव, रश्श्यावर मारला ताव,
अमुकरावांचं घेते नाव, आता विचारू नका गाव.

इंग्रजी स्क्रॅबलमध्ये चालेल?

पी, ए, व्ही असा तीन अक्षरी शब्द कॉलिन्सच्या यादीत आहे आणि त्याचे आठ गुण मिळतात. पण तो आपला पाव नव्हे. बॅले नर्तिका अ‍ॅना पावलोवा हिच्या नावाचं एक गोड पक्वान्न आहे, त्याचं ते लाडकं लघुरूप. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्याच्या मालकीवरून भांडतात. उत्तर अमेरिकेच्या यादीत तो शब्द नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याशी खेळताना आधी यादी ठरवा.

मुलांसाठी एखादा खेळ?

शिडीचा खेळ. एका वेळी एकच अक्षर बदलायचं, मधला प्रत्येक शब्द खरा हवा. पावापासून भाजीपर्यंत जा: पाव, भाव, भाजी. लोण्यापर्यंत: पाव, पाणी, लोणी. वड्यापर्यंत: पाव, पाडा, वडा. चहापर्यंत: पाव, चव, चहा. हा शेवटचा मला सगळ्यांत आवडतो.

मुलं मग विचारतात, मिसळीपर्यंत कसं जायचं? मिसळ तीन अक्षरी, तिथवर शिडी पोचत नाही. तिथे पाव बुडवावाच लागतो.